मरुभूमीचे गोपाल : श्री गुरू जांभोजी महाराज

श्रावण वद्य अष्टमी ही भगवान श्रीकृष्णांची जन्मतिथी म्हणून आपण सर्वजण साजरी करतो. राजस्थानात पौर्णिमान्त पंचांग प्रचलित असल्याने तिकडे हीच तिथी भाद्रपद कृष्ण अष्टमी या नावाने ओळखली जाते. त्या प्रदेशाच्या पश्चिम भागात या दिवशी आणखी एका गोपालाचा जन्मोत्सव होतो. विक्रम संवत १५०८ मध्ये, म्हणजे इ. स. १४५१ मध्ये, नागौर परगण्यातील पिपासर या गावी श्री जांभोजी महाराज जन्मास आले. पुढे त्यांना गुरू जंभेश्वर असे संबोधण्यात येऊ लागले आणि त्यांनी स्थापन केलेला बिश्नोई पंथ आज राजस्थान, हरियाणा, पंजाब, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश या राज्यांत पसरलेला आहे. संत म्हणून त्यांचे नाव सर्वज्ञात आहे. मात्र पंथस्थापनेपूर्वी सत्तावीस वर्षे ते गुरे राखीत होते, ही गोष्ट चरित्रकार बहुधा एका वाक्यात सांगून पुढे जातात. त्यांच्या शिकवणीचे मूळ त्या सत्तावीस वर्षांतच सापडते, म्हणून येथे तो भाग थोडा विस्ताराने दिला आहे.

जन्म व कुल

महाराजांचे पिता लोहटजी हे पंवार कुळातील रजपूत व माता हंसादेवी. घराणे संपन्न होते, पण त्या काळी मारवाडात संपन्नता मोजली जाई ती गोठ्यातील जनावरांवरून. जमीन अमाप असली तरी पावसाचा भरवसा नाही. नागौर व बिकानेरच्या पट्ट्यात वर्षाकाठी तीनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि पश्चिमेकडे त्याहूनही कमी पाऊस पडतो. तोही चार-सहा सरींत पडून जातो. त्यामुळे शेतीत बी टाकणे हा एक प्रकारचा नवसच असे. गाय, उंट व मेंढी मात्र जिथे पाऊस पडला तिथे चालत जाऊ शकतात, हा पशुपालकाचा मोठा आधार होता.

त्या देशात दुष्काळालाही चार नावे आहेत. धान्य पिकले नाही तर तो अकाल. पाणी आटले तर जलकाल. गवत उगवले नाही तर तिणकाल. आणि तिन्ही एकदम नाहीसे झाले तर तो त्रिकाल. आपल्याकडे दुष्काळ म्हटला की प्रथम धान्य डोळ्यांसमोर येते. मारवाडी माणसाने गवताच्या दुष्काळाला निराळे नाव दिले, यातच त्याच्या जीवनाची कल्पना येते. धान्य दुसऱ्या प्रांतातून उंटावर लादून आणता येते, परंतु शेकडो गुरांचे गवत कोण आणणार? अशा वेळी गुरे घेऊन माळव्याची वाट धरावी लागे, आणि गेलेली सर्व गुरे परत येत असत असे नाही.

महाराजांच्या जन्माची कथाही अशाच एका दुष्काळाशी जोडलेली आहे. पिपासर परिसरात चारा संपल्यामुळे लोहटजी आपली गुरे घेऊन छापरच्या बाजूस द्रोणपूर येथे गेले होते. पाऊस झाल्यावर तेथील एक शेतकरी पेरणीस निघाला. वाटेत लोहटजी दिसताच, निपुत्रिकाचे दर्शन हा अपशकुन मानून तो परत फिरला. परमुलखात आश्रयास आलेल्या त्या प्रौढ पुरुषाच्या मनाला हे इतके लागले की, ते रानात जाऊन तप करू लागले व तेथे एका योग्याने त्यांना पुत्रप्राप्तीचा आशीर्वाद दिला, अशी परंपरा आहे. छापरचे ते गवताळ मैदान आजही प्रसिद्ध असून चुरू जिल्ह्यातील तालछापर अभयारण्यात काळविटांचे कळप पाहण्यास दूरदूरचे लोक येतात.

सात वर्षे मौन, सत्तावीस वर्षे गोचारण

बालपणी सात वर्षांपर्यंत महाराज जवळजवळ बोलतच नसत. मूल मुके आहे अशा समजुतीने आईवडिलांनी पुष्कळ उपाय केले. शेवटी एका ब्राह्मणाला बोलावून दीप प्रज्वलित करण्याचा विधी योजला, परंतु दिवे काही केल्या लागेनात. तेव्हा बालकाने कच्च्या सुताने कच्च्या मातीचे भांडे विहिरीत सोडून पाणी काढले, त्या पाण्याने दिवे उजळले आणि तो प्रथमच बोलला, असे भाविक सांगतात. महाराजांची म्हणून जी एकशे वीस सबदे शब्दवाणी या नावाने जतन झाली आहेत, त्यांतील पहिले सबद याच प्रसंगाचे मानले जाते.

त्यानंतर महाराज गुरांमागे जाऊ लागले. एकुलता एक मुलगा, घरी चाकरमाणसे असताना त्याने रानोमाळ फिरावे हे मातापित्यांना रुचले नसेल. परंतु त्यांनी हे काम वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत सोडले नाही आणि विवाहही केला नाही. गुराखी होणे म्हणजे झाडाखाली बसून पावा वाजवणे एवढेच नव्हे, हे ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांना सांगावयास नको. कोणत्या टेकडीमागे पाऊस झाला, कोणत्या खळग्यात पाणी किती दिवस टिकेल, सेवण गवत केव्हा कोवळे असते व केव्हा बी धरते, कोणत्या रानात गुरे आधी न्यावीत व कोणते रान माघ-फाल्गुनासाठी राखून ठेवावे, याचा हिशेब त्याला रोज मांडावा लागतो. गवत मुळासकट खाल्ले गेले तर पुढल्या वर्षी तेथे केवळ वाळू उडते. पण रान कायमचे बंद ठेवले तरी गवत जुने व जरठ होऊन जनावरांच्या उपयोगाचे राहत नाही. चरावे, पण बी पडू द्यावे, हे शहाणपण मरुभूमीतील पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. गुरांच्या खुरांनी बी मातीत दाबले जाते, शेण व लेंड्यांनी जमीन पोसली जाते आणि शेंगा खाणाऱ्या जनावरांच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते, असे ते मानतात. त्यांच्या दृष्टीने जनावर हे कुरणाचे शत्रू नाही. शत्रू आहे तो माणसाचा अनावर हात.

या काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. राव जोधाजी, ज्यांनी १४५९ मध्ये जोधपूर वसविले, त्यांचे पुत्र राव दूदाजी हे मेडता हातचे गेल्याने भटकत पिपासरला आले होते. विहिरीवर गुरांना पाणी पाजणे चालले होते. त्या देशात विहीर खोल, मोट ओढण्यास वेळ फार, आणि तहानलेली गुरे दिसली की पाण्यावर एकच झुंबड उडते. परंतु येथे दूदाजींना निराळेच दृश्य दिसले. तरुण गुराख्याने खूण केली की ठरावीक गुरे पुढे येत, पाणी पिऊन बाजूला होत, आणि बाकीची आपली पाळी येईपर्यंत उभी राहत. दूदाजी थक्क झाले व शरण गेले. महाराजांनी त्यांना लाकडाची एक तलवार दिली व पुढे त्यांना मेडता परत मिळाले, अशी कथा आहे. हेच दूदाजी संत मीराबाईंचे आजोबा होत. या कथेत सर्वांचे लक्ष तलवारीकडे जाते. पण कळपातील प्रत्येक जनावराला त्याच्या पाळीने, थोडक्या पाण्यातून, पुरेल एवढे पाजणारा गुराखी पुढे एका पंथाची घडी बसवणार होता, हे अधिक ध्यानात घेण्यासारखे आहे.

समराथल

मातापिता निवर्तल्यावर महाराजांनी आपली सर्व मालमत्ता वाटून टाकली आणि ते समराथल नावाच्या वाळूच्या उंच टेकडीवर येऊन राहिले. तिकडे अशा टेकडीला धोरा म्हणतात. संवत १५४२, म्हणजे १४८५ मध्ये भीषण दुष्काळ पडला. गावेच्या गावे सामानसुमान बांधून, उरलेली गुरे पुढे घालून माळव्याकडे निघण्याच्या बेतात होती.

दुष्काळातील पशुपालकाचे संकट शेतकऱ्याहून वेगळे असते. गवत संपले की तो झाडाकडे वळतो. प्रथम पाला काढतो, मग डहाळ्या, मग फांद्या, आणि शेवटी बुंध्यावर कुऱ्हाड पडते. चार दिवस गुरे जगतात, पण पुढच्या दुष्काळात पाला देणारे झाड उरत नाही. दोष कोणाला द्यावा? डोळ्यांसमोर गाय हंबरत असताना वीस वर्षांनंतरच्या पाल्याचा विचार करणे कठीणच आहे. आणि एकाने कुऱ्हाड खाली ठेवली तरी शेजाऱ्याने ती उचलली, तर पहिल्याचा संयम फुकट जातो. म्हणून हा संयम एकट्याचा असून भागत नाही, तो साऱ्या समाजाचा व्रतनियम व्हावा लागतो.

परंपरा अशी की, महाराजांनी या लोकांना थांबवून घेतले, पुन्हा पाऊस पडेपर्यंत धान्य पुरविले आणि त्यानंतरच उपदेश केला. आधी अन्न व मग नियम हा क्रम मनात ठसण्यासारखा आहे. कार्तिक कृष्ण अष्टमीस, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे आश्विन वद्य अष्टमीस, समराथलच्या धोऱ्यावर कलशाची स्थापना होऊन अभिमंत्रित जल, ज्याला पाहळ म्हणतात, लोकांना देण्यात आले. ते प्राशन करून एकोणतीस नियम पाळण्याची प्रतिज्ञा करणारे ते बिश्नोई. महाराजांचे काका पुल्होजी यांनी सर्वप्रथम ही दीक्षा घेतली असे मानतात. वीस आणि नऊ या संख्यांवरून बिश्नोई हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे समजले जाते. भगवान विष्णूंच्या नामस्मरणावरून ते आले, असेही काही जण म्हणतात. त्या मेळाव्यात निरनिराळ्या जातींचे लोक होते, त्यांत जाट बांधव बहुसंख्य होते, आणि पाहळ घेतल्यावर सर्व एक झाले.

एकोणतीस नियम

यांतील बरेचसे नियम आपल्या संतपरंपरेस परिचित आहेत. प्रातःस्नान, शील, संतोष, शुचिता, हवन, अमावास्येचे व्रत, विष्णूचे भजन करावे. चोरी, निंदा, असत्य व वादविवाद टाळावा. अफू, तंबाखू, भांग, मद्य व मांस वर्ज्य करावे. पाणी व दूध गाळून घ्यावे, आणि सरपण चुलीत घालण्यापूर्वी त्यात किडा-मुंगी नाही हे पाहून घ्यावे.

परंतु ज्या नियमांत सत्तावीस वर्षांचा गुराखी बोलतो ते असे. हिरवे झाड तोडू नये. प्राणिमात्रावर दया करावी. बैल खच्ची करू नये. आणि बोकड व मेंढे खाटकास न विकता त्यांचा समाईक कळप गावाने सांभाळावा, ज्याला अमर थाट म्हणतात.

हे नियम पशुपालकास सोपे नव्हते. नागौरचे बैल साऱ्या देशात नावाजलेले. त्यांच्या व्यापारावर त्या मुलखाचे हाट व मेळे चालत आले आहेत. तेथेच जन्मलेल्या पुरुषाने खच्चीकरणास मनाई करावी, हे अनुयायांना जड गेले असलेच पाहिजे. बोकडांचा नियम तर थेट मिळकतीवर येतो. मादी दुधासाठी व वंशवृद्धीसाठी ठेवावी आणि नर विकून मीठ-मिरची आणावी, हे कोणत्याही मेंढपाळाचे साधे अर्थशास्त्र आहे. नर विकायचा नाही, तर त्याला आयुष्यभर चारावे लागते आणि त्याचा भार पुन्हा गावाच्या रानावर पडतो. या नियमाचा परिणाम असा झाला की, अनेक बिश्नोई घरांनी शेळ्या-मेंढ्या पाळणेच सोडले आणि गाई, म्हशी व उंट यांवर भर दिला. शेळी ही कोवळे रोप शेंड्यापासून खाणारी, हे सर्वांना ठाऊक आहे. शेळ्या कमी झालेल्या गावांत खेजडीची रोपे वाढली, तर त्यात नवल नाही. हा हेतू महाराजांच्या मनात होता की नाही हे सांगणे आपले काम नाही, परंतु त्यांच्या मागील सत्तावीस वर्षे विसरून या नियमाकडे पाहणेही योग्य नव्हे.

हिरवे झाड म्हणताना मारवाडात पहिल्याने खेजडीच डोळ्यांसमोर येते. ही खेजडी म्हणजेच आपली शमी. विजयादशमीला सीमोल्लंघनाच्या वेळी आपण जिचे पूजन करतो व जिच्यावर पांडवांनी शस्त्रे ठेवली असे महाभारतात वर्णिले आहे, तीच ही. आपल्याकडे ती वर्षातून एकदा आठवते. तिकडे संसार तिच्यावर चालतो. तिची मुळे अतिशय खोल जात असल्यामुळे वैशाखाच्या वणव्यातही ती हिरवी असते. तिच्या पाल्याला लूंग म्हणतात. हिवाळ्यात तो काढून वाळवितात व गुरांना वर्षभर पुरवितात. योग्य काळी व योग्य बेताने छाटणी झाली तर पुढल्या वर्षी झाड पुन्हा पालवते. कोवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची भाजी होते व पिकलेल्या शेंगा मुले आणि जनावरे आवडीने खातात. तिच्या मुळांमुळे जमिनीत नत्र साठते, म्हणून तिच्या सावलीत बाजरी खुरटत नाही, उलट चांगली येते. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळात लोकांनी तिची साल दळून खाल्ल्याचे सांगतात. असे झाड तोडू नये हा नियम झाडापुरता नसून त्याखालच्या बाजरीचा, त्याच्या पाल्यावर जगणाऱ्या गाईचा व त्या गाईवर जगणाऱ्या घराचा आहे. पाला घ्यावा, झाड राखावे. सुकून पडलेले लाकूड सरपणाला न्यावे, उभ्या झाडाला हात लावू नये. पंथात मृतास अग्नी न देता भूमीत ठेवण्याची रीत आहे, तिचाही संबंध लाकूड वाचविण्याशी जोडण्यात येतो.

मरुभूमीतील इतर समाजांतही अशाच मर्यादा प्राचीन काळापासून आहेत. देवाच्या नावाने सोडलेल्या रानाला ओरण म्हणतात. हा शब्द अरण्य यापासून आला असे मानले जाते. आपल्या देवराईशी त्याचे साम्य आहे, पण एक मोठा फरक आहे. आपल्या देवराईत बहुधा कोणी जनावरे नेत नाही. ओरणात मात्र गुरे मोकळी चरतात, मनाई असते ती कुऱ्हाडीला. देशनोक येथील श्री करणीमातेचे बोरींनी भरलेले ओरण याच प्रकारचे आहे. गावाच्या चराऊ जमिनीला गोचर व तळ्याकडे पाणी वाहून आणणाऱ्या राखीव उताराला आगोर म्हणतात. देवाचे, गावाचे आणि पाण्याचे अशी ही वाटणी असून तिच्यात खासगी मालकीला स्थान नाही.

तीर्थाटन व उत्तरकाळ

पंथस्थापनेनंतर एक्कावन्न वर्षे महाराज समराथल हे मुख्य स्थान ठेवून फिरत राहिले. जेथे गेले तेथे त्यांनी दोन गोष्टी मागितल्या, जीवांना अभय आणि झाडांना अभय. जैसलमेरचे रावळ जैतसी यांनी तलावाच्या प्रतिष्ठेस त्यांना पाचारण केले, तेव्हा दक्षिणा म्हणून त्यांनी राज्यात पशुवध व वृक्षतोड यांना आवर घालण्याचे वचन घेतल्याचे सांगतात. दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदी याच्याशी झालेल्या भेटीच्याही कथा आहेत. नागौर जिल्ह्यातील रोटू या गावी महाराजांनी खेजडीची हजारो झाडे उभी केली, अशी श्रद्धा असून तेथील खेजडीचे रान आजही भाविक दाखवितात. उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ लोदीपूर येथेही त्यांच्या हातचे खेजडीचे झाड मानले जाते.

फलोदीजवळच्या जांभा या गावी त्यांनी तळे खोदविले. ते जांभोळाव या नावाने तीर्थ झाले. तेथे स्नानाबरोबर तळ्यातील गाळ काढून काठावर टाकणे हेही पुण्यकर्म समजले जाते. यात्रेकरूंच्या हातून दरवर्षी तळे साफ होते आणि पुढल्या पावसाचे पाणी गुरांसाठी व माणसांसाठी साठते.

संवत १५९३, म्हणजे १५३६ मध्ये, मार्गशीर्ष कृष्ण नवमीस (आपली कार्तिक वद्य नवमी) लालासर येथील रानात महाराजांनी देह ठेवला. वय पंचाऐंशी वर्षांचे होते. सात वर्षे मौन, सत्तावीस वर्षे गोचारण आणि एक्कावन्न वर्षे उपदेश, असा त्यांच्या आयुष्याचा हिशेब पंथात सांगितला जातो. जेथे त्यांना समाधी देण्यात आली ते स्थान म्हणजे मुकाम.

नियमांची कसोटी

महाराजांच्या पश्चात वील्होजी यांनी विस्कळीत होऊ लागलेल्या पंथाची पुन्हा घडी बसविली. झाडासाठी प्राण देण्याचे प्रसंगही त्यांच्याच काळापासून नोंदले गेले. संवत १६६१ मध्ये करमा व गौरा या दोन स्त्रियांनी खेजडी तोडली जात असताना आत्मबलिदान केले.

सर्वांत मोठी कसोटी १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली या गावी लागली. महाराजा अभयसिंह यांच्या वाड्याच्या बांधकामासाठी चुना भाजावयाचा होता व त्या भट्टीसाठी लाकूड हवे होते. दिवाण गिरिधर भंडारी याची माणसे कुऱ्हाडी घेऊन गावात आली. अमृतादेवी नावाच्या गृहिणीने दारासमोरील खेजडीला मिठी मारली व तेथेच देह अर्पण केला. तिच्या पाठोपाठ आसू, रतनी व भागू या तिच्या तिन्ही मुलींनी तेच केले. वार्ता पसरताच चौऱ्याऐंशी गावांचे बिश्नोई जमले आणि एकामागून एक झाडाला बिलगून उभे राहिले. एकूण ३६३ स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. तेव्हा राजाने तोड थांबविली व बिश्नोई गावांच्या हद्दीत हिरवे झाड तोडण्यास आणि शिकारीस बंदी करणारा हुकूम काढला. येथे भाद्रपद शुद्ध दशमीस मेळा भरतो. राजस्थान शासनाने १९८३ मध्ये खेजडीस राज्यवृक्षाचा मान दिला.

ही कसोटी संपलेली नाही. अलीकडच्या वर्षांत पश्चिम राजस्थानात सौर ऊर्जेचे विस्तीर्ण प्रकल्प उभे राहिले, त्यांच्या जागेसाठी खेजडीची तोड झाली आणि बिकानेर परिसरात बिश्नोई व इतर ग्रामस्थांनी त्याविरुद्ध आंदोलने केली. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांची मोजणी करून त्यांना वन म्हणून संरक्षण देण्याचा आदेश दिला. ओरण वाचणार म्हणून पुष्कळांना समाधान वाटले. परंतु गुरे राखणाऱ्यांच्या मनात त्याआधीपासूनच एक शंका होती. रान सरकारी वन ठरले, तर उद्या त्यात गुरे नेण्यास बंदी तर होणार नाही ना? ज्यांनी शतकानुशतके चारून रान राखले, त्यांना बाहेर ठेवून ते राहील काय, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. संयुक्त राष्ट्र संघाने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले, त्यामागेही हाच विषय आहे.

श्रीक्षेत्र मुकामचे दर्शन

राजस्थानच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी बिकानेर व देशनोकबरोबर मुकामचेही दर्शन अवश्य घ्यावे. हे स्थान बिकानेर जिल्ह्यात नोखा तालुक्यात असून बिकानेर–जोधपूर लोहमार्गावरील नोखा हे जवळचे स्थानक आहे. समराथलचा धोरा मुकामपासून जवळच आहे. वर्षातून दोन मोठे मेळे भरतात. पहिला महाशिवरात्रीनंतर येणाऱ्या अमावास्येस, जिला तिकडे फाल्गुन अमावास्या म्हणतात. दुसरा आपल्या सर्वपित्री अमावास्येस, जो वील्होजींनी संवत १६४८ मध्ये सुरू केला असे मानतात. मंदिरात मूर्ती नसून समाधीचे दर्शन होते. हवनकुंडात तूप व नारळ अर्पण करतात. पक्ष्यांसाठी धान्य आणण्याची रीत असल्याने यात्रेकरू बरोबर बाजरी वा ज्वारीची पिशवी घेऊन येतात. ते धान्य मंदिराच्या परिसरात ठरवून दिलेल्या जागी टाकावे. परिसरात मोर, कबुतरे व हरणे निर्भयपणे फिरत असतात, त्यांना हुसकावू नये. धोऱ्यावर चढताना सकाळची वेळ बरी, कारण दहानंतर वाळू तापते.